ओवी, हलगी आणि मिस्सा

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ सालच्या एप्रिल महिन्यात एक लांबलचक फर्मान काढले. ख्रिस्ती कुटुंबांनी काय काय करायचे नाही याची ती यादी आहे. तुळस लावायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे हे फर्मान आपल्यापर्यंत पोहोचले. ते वाचताना माझी नजर दर वेळी एकाच कलमावर अडते : लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, उघड नाही आणि चोरूनही नाही. पोर्तुगीज कागदात त्यासाठी वापरलेला शब्द आपलाच आहे, ‘वोव्यो’. हुकूम काढणाऱ्यांना त्याला आपल्या भाषेत प्रतिशब्द सापडला नसावा.

याच्या बरोबर १२० वर्षे आधी, १६१६ साली, त्याच गोव्यात साष्टीतल्या राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथेच वारला. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सगळी कथा त्याने मराठीत रचली, ती ओवीत. दोन पुराणे मिळून १०,९६२ ओव्या. देवनागरी खिळे हाताशी नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. आरंभीच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षणाला जमलेल्या मंडळींतला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पुराणे गेली, मग त्यांच्या जागी तसेच काही आम्हाला का देत नाही? साऱ्या क्रिस्तपुराणाचे प्रयोजन या एका प्रश्नात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी स्टीफन्सला मराठीची थोरवी गाणारा परदेशी म्हणून लक्षात ठेवले. त्याने हे सारे डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिले नव्हते, ते म्हणण्यासाठी होते, ही गोष्ट मात्र मागे पडली.

रविवारी आणि सणांच्या दिवशी हे पुराण चर्चमध्ये म्हटले जाई. मात्र मिस्सा लॅटिनमध्ये. पुराण तिच्या आधी किंवा नंतर. वेदीवरचे गाणे रोमचे आणि वेदीच्या अलीकडचे गाणे गावाचे, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. ती पुढची साडेतीनशे वर्षे टिकली.

मग १६१६ ची ओवी पवित्र आणि १७३६ ची ओवी गुन्हा, हे कसे झाले? राजकारण बदलले, १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवरच हत्यार उगारले, हे उत्तर खरे आहे. पण मला ते अपुरे वाटते. या दोन ओव्याच वेगळ्या होत्या. स्टीफन्सची ओवी ग्रंथातली : चार चरण, पहिल्या तिहींना यमक, चौथा आखूड. ज्ञानेश्वरीच्या घराण्यातली. फर्मानातली ओवी बायकांची. जात्यावर, हळदीला, पाळण्याशी म्हटलेली. तिला कर्ता नाही, पोथी नाही, आणि ती कोणी तपासून मान्य करू शकत नाही. धर्मसत्तेला पहिलीशी बोलता आले. दुसरीची तिला भीती वाटली.

हा भेद मी इतका ताणतो आहे त्याचे कारण व्यावहारिक आहे. मी नाशिकच्या इंदिरानगरात राहतो आणि गेली काही वर्षे एका छोट्या गायकवृंदासाठी मिस्सेतल्या गीतांना चाली बांधतो. वृंदातली बहुतेक माणसे अंबडच्या कारखान्यांत नोकरीला आहेत, दोघे-तिघे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. मूळ गावे विचारली तर राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, संगमनेर अशी येतात. त्यांच्या आया-आज्या ओवी म्हणत. तेव्हा ‘लोकसंगीतावर आधारलेले उपासनासंगीत’ हे शब्द मी उच्चारतो तेव्हा त्यातला लोक कोणता, हा प्रश्न माझ्यासाठी चर्चासत्राचा उरत नाही. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तो पेटीसमोर येऊन बसतो.

अधिकृत इतिहास सांगायचा तर तो थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला पहिला दस्तऐवज संमत केला. त्यातल्या ११९व्या कलमाचा आशय असा की, मिशनच्या देशांतल्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा असते, त्यांच्या धार्मिक आणि सामाजिक जीवनात तिला मोठे स्थान असते, तर त्या संगीताला योग्य मान द्यावा आणि उपासना त्यांच्या प्रकृतीशी जुळवून घ्यावी. १९६५पासून मिस्सा टप्प्याटप्प्याने लोकभाषेत येऊ लागली. १९६९च्या एप्रिलमध्ये रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली : मांडी घालून बसणे, अंजलिमुद्रा, पंचांग प्रणाम, समई, आरती वगैरे. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रातून डी. एस. अमलोरपवदास यांनी या बदलाला दिशा दिली.

तयारी त्याआधीही चालू होती. फादर जॉर्ज प्रोक्श हे जर्मन मिशनरी १९३२ मध्ये भारतात आले, मध्य भारतात राहिले, आणि पुढे अंधेरीला त्यांनी ज्ञान आश्रम उभा केला. ख्रिस्ती विषयांवरची त्यांची हिंदी भजने आणि नृत्यनाट्ये अनेक धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना भारतीय स्वरांपर्यंत घेऊन गेली. पुण्यात जेझुइटांनी वारकरी परंपरेचा अभ्यास इतका मनावर घेतला होता की गी दलरी या फ्रेंच जेझुइटाचा विठोबाच्या भक्तिपंथावरचा ग्रंथ १९६० मध्येच प्रसिद्ध झाला होता. प्रॉटेस्टंट मंडळी या बाबतीत आपल्या दोन पिढ्या पुढे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अहमदनगरला बसून इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांची सद्दी मोडली आणि अभंग, पद, कीर्तन ख्रिस्ती केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, ते सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळक १९१९ मध्ये गेले. त्या वेळी त्यांच्या शेजारच्याच तालुक्यांतले कॅथलिक मिस्सेत लॅटिन ऐकत होते.

या नामावळीत एक गोष्ट ठळक दिसते. सगळे रस्ते एकाच पेठेतून जातात. अभंग, राग, कीर्तन, आरती, समई. भारतीय म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येकाने ग्रंथातल्या, देवळातल्या किंवा मैफलीतल्या परंपरेत शोधले. म्हणजे पुन्हा स्टीफन्सचीच ओवी. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते लोक कोण होते, हे पाहिले म्हणजे यातली अडचण कळते.

अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) जेझुइटांचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. तिथे जे कॅथलिक झाले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले होते. जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये राहुरी तालुक्यातल्या केंदळहून ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. हेच डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. त्याच १९०३ च्या नोव्हेंबरात पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर एक आज्ञापत्र काढले. त्यात पियानोला बंदी होतीच, शिवाय ढोल, झांजा आणि तशाच गोंगाटी व उथळ वाद्यांनाही चर्चमध्ये मज्जाव केला होता. रोममध्ये बसून लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इटलीतले ऑपेरा आणि बँड होते. केंदळच्या माणसाला मात्र त्या यादीत आपले अख्खे वाद्यवृंद दिसले असते.

त्यामुळे गावाचे गाणे मिस्सेबाहेर वाढले. संध्याकाळी कॅटेखिस्ट मास्तरांच्या ओट्यावर पेटी आणि टाळ, जपमाळेच्या वेळची गीते, सणाची मिरवणूक, आणि पुढे हरेगावच्या मतमाउलीची यात्रा. हरेगाव हे श्रीरामपूरजवळचे साखर कारखान्याचे गाव. स्वातंत्र्यानंतर लवकरच तिथे सप्टेंबरमध्ये मारिया मातेची यात्रा भरू लागली आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक तिला लोटतात. ‘मतमाउली’ या शब्दातच माउली आहे. यात्रेच्या रस्त्यावर ऐकू येणारी गाणी कोणत्याही परिषदेने मागवलेली नव्हती, तरी ११९व्या कलमात जे सांगितले होते ते तिथे आधीच चालू होते. मी तिथे पाळण्याच्या चालीवरचे गाणे ऐकले आहे, गोंधळाच्या ठेक्यावरचेही, आणि सिनेमाच्या चालीवरचे तर विचारूच नका. हसण्याचे कारण नाही. सिनन्र तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी आपल्या गीतांसाठी कोणतीच चाल परकी मानली नव्हती.

वामनदादांचे नाव निघाले म्हणून नाशिकचा आणखी एक संदर्भ इथे घ्यायला हवा, कारण माझ्या प्रश्नाचा निम्मा उलगडा तिथे आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरू लागले. तमाशाचा साचा त्यांच्या हाती होता : ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब, बतावणी. प्रश्न असा की, ज्या तमाशाने आपल्या माणसांना नाचवले, त्याचीच ढोलकी आपण मुक्तीसाठी वाजवायची काय? जलसाकारांनी तिचे उत्तर कृतीने दिले. गण-गौळण काढून टाकली, आशय उलटा केला, ढोलकी ठेवली. सत्यशोधक जलशांनी हा मार्ग त्यांच्याही आधी चोखाळला होता.

त्याच गावांतल्या, अनेकदा त्याच भावकीतल्या कॅथलिकांनी वेगळे उत्तर दिले. त्यांनी वाद्यच खाली ठेवले. हलगी, डफडे, सनई ही गावकीची कामे होती. गावातले लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो की मयत, बोलावणे आले की जायचे. धर्मांतर म्हणजे त्या बोलावण्याला नकार, आणि नकार दिसायचा तर हलगी भिंतीवरून उतरायला हवी. तिच्या जागी पेटी आणि तबला आले, जमेल तिथे व्हायोलिन आले. पेटीला जात नव्हती. हे कुणी ठराव करून केले नाही, आणि म्हणूनच ते कागदावर सापडत नाही. ते घराघरांत वडिलांच्या तोंडून ऐकावे लागते.

आता ५ मार्च १९६७ ची रोमची सूचना पाहा. पवित्र संगीताविषयीच्या या दस्तऐवजाचे ६३वे कलम सांगते की, वाद्यांना परवानगी देताना त्या त्या लोकांची संस्कृती आणि परंपरा ध्यानात घ्यावी. पण सर्वसाधारण मत आणि वापर पाहता जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतालाच शोभतात, ती उपासनेतून पूर्णपणे वगळावीत. वाक्ये दोनच आहेत आणि महाराष्ट्रात ती एकमेकांच्या अंगावर येतात. सर्वसाधारण मत कोणाचे? ढोलकी म्हणजे तमाशा, हे मत सर्वसाधारणच होते. ते ठरवणारे बहुतेक लोक मात्र ढोलकीसमोर गादीवर बसणारे होते, तिच्यामागे उभे राहणारे नव्हते. आणि ज्यांची ती परंपरा, त्यांनीच ती टाकून दिली असेल, तर कोणत्या वाक्याचा आधार घ्यायचा?

जगात इतरत्र हा पेच इतका तिखट झाला नाही. काँगोत गिदो हाझेन या बेल्जियन धर्मगुरूने स्थानिक मुलांच्या आणि शिक्षकांच्या गायनातून ‘मिस्सा लुबा’ उभी केली, ती १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झाली : शब्द लॅटिन, बाकी सारे तिथले. आरियेल रामिरेझ या अर्जेंटिनाच्या संगीतकाराने १९६४ मध्ये ‘मिसा क्रिओया’ लिहिली; तिच्यात मिस्सेचा प्रत्येक भाग एकेका लोकनृत्याच्या किंवा लोकगीताच्या ठेक्यावर आहे, श्रद्धाप्रकटन तर चाकारेरावर. या रचना मी विद्यार्थ्यांना आवर्जून ऐकवतो, पण त्यांचा कित्ता गिरवायला सांगत नाही. चाकारेरा वाजवणाऱ्याला अर्जेंटिनात कोणी वेशीबाहेर बसवले नव्हते. गोव्यातही वेगळी स्थिती. तिथले मांडो-दुलपद आधीच पाश्चात्त्य सुरावटीत भिजलेले, त्यामुळे फादर व्हास्को दो रेगो आणि लुर्दिनो बार्रेतो यांच्यासारख्यांनी कोंकणी उपासनागीते रचली तेव्हा चर्चमधला ऑर्गन आणि घरातले गाणे यांच्यात मोठी दरी नव्हती.

आपल्याकडचा आक्षेप सिद्धान्ताच्या भाषेत यायला १९८१ साल उजाडावे लागले. अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या व्याख्यानात भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी परंपरेभोवती कसे फिरत राहिले आहे, हे स्पष्ट मांडले. दलित थिऑलॉजीचा आरंभ तिथून मोजतात. पण या मांडणीचा संगीतावर फारसा परिणाम झालेला मला आढळत नाही. विचार दलित झाला, चाल भूपाची राहिली.

आमच्या वृंदात ही चर्चा एका शनिवारी फार स्पष्टपणे झाली. अंबडला मशिनवर काम करणारा एक तरुण हलगी उत्तम वाजवतो. ईस्टरच्या गौरवगीताला हलगी घेऊ या, असे त्याने सुचवले. वृंदात एक निवृत्त कॅटेखिस्ट आहेत, त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. ते म्हणाले, “देवळात नको.”

“मास्तर, आता हलगी सगळीकडे वाजते. जयंतीला वाजते, लग्नात वाजते. आता तिच्यात कमीपणा नाही.”

“वाजू दे की. तुला ती वाजवायचं बोलावणं येत नाही, तू आपणहून वाजवतोस. माझ्या बापाला बोलावणं यायचं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.”

तरुण गप्प बसला नाही. “मग बापाची कला आपणच टाकली म्हणायची,” तो म्हणाला. मास्तर म्हणाले, “कला तुम्ही म्हणता. तो काम म्हणायचा.” चहा आला, विषय थांबला. मी त्या क्षणी कोणाचीच बाजू घेऊ शकलो नाही आणि आजही घेऊ शकत नाही. दोघांचेही म्हणणे इतिहासाला धरून आहे.

ओवीकडे मी वळलो तो या कोंडीतून. वृंदातल्या बायका एकदा स्वयंपाकघरात भाकऱ्या करताना सहज गुणगुणत होत्या. जाते कोणाच्याच घरी उरलेले नाही, गळा उरला आहे. ‘गळा’ हा त्यांचाच शब्द. ओवीच्या चालीला खेड्यात गळा म्हणतात. फ्रान्सहून पुण्यात आलेले गी पोईत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकांचे ध्वनिमुद्रण केले, आणि अलीकडे हा ठेवा लोकांना ऐकायलाही खुला झाला आहे. तो ऐकताना दोन गोष्टी कानावर येतात. चाल चार-पाच सुरांत फिरते, वरून सुटते आणि खाली येऊन टेकते. आणि ओवी दोन ओळींची असते. गाणारी पहिली ओळ मोडते, अर्धी पुन्हा म्हणते, मध्ये ‘बाई’, ‘ग’ असे भरणाचे शब्द घालते, मग दुसरी ओळ सोडते. दोन ओळी पुरेसा वेळ पुरवण्याची ही युक्ती आहे; दळण लांब असते.

जात्याला जात नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. कोणाच्या घरचे पीठ कोण दळते याला जात होतीच. फरक इतकाच की ओवी म्हणायला कोणी बोलावणे धाडत नव्हते. ब्राह्मणाच्या माजघरात आणि महारवाड्यातल्या खोपटात ती बाई स्वतःसाठी म्हणत होती. बाबासाहेबांवरच्या शेकडो ओव्या याच गळ्यांतून आल्या, आणि येशूच्या व मारियेच्याही. इथे लाज आड येत नाही.

संगीताच्या अंगाने तर ओवी आणि स्तोत्र यांची गाठ मला फारच जुनी वाटते. मिस्सेत पहिल्या वाचनानंतर स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र येते. एकटा गायक कडवी म्हणतो, लोक ध्रुपद म्हणतात. हिब्रू स्तोत्राची कडी दोन भागांची : पहिला भाग एक गोष्ट सांगतो, दुसरा तीच थोडी वळवून पुन्हा सांगतो. लॅटिन स्तोत्रगायनाचे सूत्रही दुहेरीच, एका सुरावर पठण, मध्ये एक विसावा, शेवटी उतार. यात आणि जात्यावरच्या दोन ओळींत मला रचनेचा फरक जवळजवळ दिसत नाही. अभंगात स्तोत्र घालायचे तर शब्द कापावे लागतात, अक्षरे मोजावी लागतात, यमक आणावे लागते. आणि उपासनेचे मान्य भाषांतर संगीतकाराला मनाप्रमाणे कापता येत नाही. शास्त्रीय बंदिशीत ते गायकाच्या हाती जाते, लोक ऐकत बसतात. ओवीला अक्षरसंख्येचे बंधन सैल आहे. लांब ओळ घाईने, आखूड ओळ ओढून, भरणाच्या शब्दांनी समतोल साधून ती म्हणता येते. मान्य गद्य भाषांतर जसेच्या तसे ठेवून चाल बसवता येणारा दुसरा देशी आकृतिबंध मला सापडलेला नाही.

अडचणी आहेतच. ‘बाई’, ‘ग’ हे शब्द उपासनेत चालतील का, यावर आमचा बराच वेळ गेला. ते काढले तर ओवीचा श्वास तुटतो. ठेवले तर स्तोत्रकर्त्याच्या तोंडी ते येतात. शेवटी शब्द काढले आणि त्यांची जागा स्वराने भरली, म्हणजे त्या ठिकाणी आधीच्या अक्षराचा ‘आ’ किंवा ‘ए’ लांबवला. दुसरी अडचण पुरुषांची. वृंदातल्या पुरुषांना ओवी म्हणायला संकोच वाटतो. तीन मात्रांचा ठेका धरून ते तिचे भजन करून टाकतात. म्हणून कडवी बायकांनी म्हणायची आणि पुरुषांनी ध्रुपदात यायचे असे ठरले. तिसरी अडचण कीबोर्डची. त्याच्या ठरावीक सुरांत गळ्यातला तो किंचित खाली राहणारा गांधार बसत नाही. आम्ही कीबोर्ड बंद केला. प्रायश्चित्तकाळात रोमचा नियमही वाद्यांना फक्त गायनाच्या आधारापुरते ठेवतो, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

हलगीचा प्रश्न मास्तरांनीच सोडवला, असे नाही म्हणता येणार. त्यांनी त्याला एक जागा काढून दिली. झावळ्यांच्या रविवारी मिस्सा बाहेरून सुरू होते. झावळ्या आशीर्वादित करून लोक मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. “रस्त्यावर वाजव,” मास्तर त्या तरुणाला म्हणाले, “राजा येतोय म्हटल्यावर वाजायलाच पाहिजे. उंबऱ्यापर्यंत.” त्या वर्षी मिरवणूक हलगीवर आली. मास्तर पुढे नव्हते, मागे बायकांच्या रांगेशेजारी चालत होते. उंबऱ्याशी हलगी थांबली. तरुणाने ती दाराबाहेर ठेवली नाही, काखेत धरून आत आणली, आणि मास्तरांनी त्याला काही म्हटले नाही.

झावळ्यांच्या रविवारचे स्तोत्र दरवर्षी बाविसावेच असते, टाकून दिलेल्या माणसाचे. दोन बायकांनी ते ओवीच्या गळ्यात म्हटले, वाद्याशिवाय. मिस्सा सुटल्यावर मास्तरांनी त्यांतल्या थोरलीला विचारले, “हा गळा कुणाचा?” सासूचा, ती म्हणाली, राहुरीकडचा. आमच्या वहीत तो आता त्याच नावाने नोंदला आहे.